बाबा रोज पर्वती चढायचे, तरी खुर्चीतून उठता येईना: स्नायू कमवायचे आणि टिकवायचे कसे

माझे बाबा ७४ वर्षांचे. पुण्यात सहकारनगरला राहतात, आणि गेली वीसेक वर्षं सकाळी पर्वतीची टेकडी, १०३ पायऱ्या, वर देवदर्शन, खाली येऊन कट्ट्यावर गप्पा आणि चहा. आम्ही सगळे म्हणायचो बाबांना काय होतंय, त्यांची तब्येत आमच्यापेक्षा ठणठणीत. मागच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, ११ दिवस ॲडमिट होते, छाती बरी झाली, डिस्चार्ज मिळाला. घरी आल्यावर दुपारी चहाला बोलावलं तर खुर्चीतून उठायला गेले, दोन्ही हात दांड्यांवर टेकवले, पुढे झुकले, दंड थरथरले आणि परत मागे बसले. दुसऱ्यांदा पण तेच. मी समोर उभी होते, हात द्यायचा का नाही हेच कळेना, कारण हात दिला असता तर त्यांना जास्त वाईट वाटलं असतं. पायजम्यातून मांड्या दिसत नव्हत्या, नुसती दोन हाडं आणि त्यावर कापड.

त्यानंतर वर्षभर मी हा विषय सोडला नाही. जे कळलं, जे आधी बाबांवर आणि मग स्वतःवर करून बघितलं ते इथे सगळं लिहितेय. मी ४६ वर्षांची, हिंजवडीला बैठं काम, जाऊन-येऊन तीन तास प्रवास, म्हणजे हे काही बॉडीबिल्डरचं लिखाण नाही. ज्यांना घरातल्या घरात, आपल्या जेवणात राहून स्नायू वाढवायचेत किंवा आहेत ते घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या की वजनकाटा खोटं बोलतो

आपल्याकडे "वजन बरोबर आहे ना, मग झालं" असं म्हणतात. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे किती फसवं आहे ते २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एका फोटोने दाखवलं होतं. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. आणि हे मोठेपणी सुरू होत नाही, पुण्याजवळच्या खेड्यांमधली जी बाळं त्यांच्या टीमने मोजली त्यांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी बऱ्यापैकी टिकून होती. म्हणजे आपण सुरुवातच थोड्या कमी भांडवलावर करतो. हात बारीक, पोट पुढे, वजन नॉर्मल, असे किती जण तुमच्या ऑफिसात आहेत बघा.

आणि हे नुसतं दिसण्याचं नाहीये. जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात. स्नायू कमी तर साखर ठेवायला जागा कमी. ज्यांच्या घरात डायबेटिस आहे, म्हणजे पुण्यात निम्म्या घरांनी हात वर करावेत, त्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं.

घरी एक टेस्ट करून बघा. पाठ असलेली पण हात नसलेली खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून ठेवा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसा. मोबाईलवर वेळ लावा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पायातली ताकद कमी झालीये असं डॉक्टर धरतात. दुसरं म्हणजे शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, पुरुषांमध्ये ३४ सेंटीमीटरच्या खाली आणि बायकांमध्ये ३३ च्या खाली असेल तर आशियाई लोकांसाठी तो धोक्याचा इशारा मानतात. बाबांची ३०.५ निघाली होती. त्या वेळी उठबस मोजायचा प्रश्नच नव्हता.

मग पर्वती चढून ताकद का राहिली नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण व्यायाम तर ते करतच होते.

स्नायू हे जुन्या वाड्याच्या भिंतीसारखे असतात, रोज थोडी माती झडते आणि रोज थोडं लिंपण होतं. लिंपण जास्त झालं तर भिंत जाड होते, झड जास्त झाली तर बारीक. लिंपायला माल लागतो, तो जेवणातल्या प्रोटीनमधून येतो. पण नुसता माल अंगणात आणून टाकला म्हणून गवंडी कामाला लागत नाही, त्याला कोणीतरी सांगावं लागतं की इथे भिंत कमी पडतेय, आणि ते सांगणं म्हणजे स्नायूवर पडलेला ताण, त्याला जड जाईल असा. व्यायाम झाल्यावर साधारण २४ ते ४८ तास हे लिंपण नेहमीपेक्षा जोरात चालतं, आणि त्या वेळात माल मिळाला नाही तर सांगणं वाया. दोन्हीतलं एक असून चालत नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहिल्या वर्षी बाबांना जड गेल्या असतील. विसाव्या वर्षी त्यांच्या पायांसाठी ते रोजचंच काम होतं, त्यात नवीन सांगणं काहीच नव्हतं. हृदयासाठी, दमासाठी, झोपेसाठी, मनासाठी ते उत्तमच होतं आणि कोणी चालणं सोडू नका, वेताळ टेकडी असो नाहीतर तळजाई, चालत राहा. पण चालण्याने खांदे-पाठ-दंड यांना काही मिळत नाही आणि मांड्यांनाही सवयीपलीकडे काही मिळत नाही. त्यात तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो. बाबांची शिल्लक हळूहळू कमी होत होती, रोजच्या चालण्यात ती दिसली नाही, आणि ११ दिवसांच्या पलंगाने उरलेली काढून घेतली. निरोगी ज्येष्ठ लोकांना फक्त १० दिवस झोपवून ठेवून बघितलेला एक अभ्यास आहे, त्यात दोन्ही पायांतला मिळून चरबीशिवायचा जवळपास १ किलो भाग गेला होता, आणि ती माणसं आजारी पण नव्हती.

हे वाचून मला खूप रडू आलं होतं. पण त्याच आठवड्यात दुसरा अभ्यास वाचला, १९९० सालचा, बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेतल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, हळूहळू वजन वाढवत, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! म्हणजे गवंडी अजून जिवंत असतो, त्याला हाक मारायला हवी.

व्यायाम: काय, किती, कसा

पाच गोष्टी धरून ठेवा. बसून उठणं, काहीतरी ढकलणं, काहीतरी ओढणं, कमरेतून वाकून उचलणं, आणि हातात वजन घेऊन चालणं. जिममधली सगळी मशिनं शेवटी यातलंच काहीतरी करतात. आपल्या पेठांमधल्या तालमींना हे कधीच माहीत होतं, चिंचेची तालीम काय, नगरकर तालीम काय, लाल माती, जोर, बैठका, मुद्गल. ज्या गावात पैलवानांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो त्या गावात आम्ही चाळिशीत जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाबांचं आम्ही असं सुरू केलं. फिजिओथेरपिस्ट घरी यायच्या, त्यांनी जेवणाच्या टेबलाची साधी लाकडी खुर्ची मागवली, त्यावर दिवाणावरच्या दोन जाड उशा ठेवल्या. उंची वाढली की उठणं सोपं होतं. त्या उंचीवरून बाबा हात न लावता सहा वेळा उठू शकले, आणि सातव्याला अडकले. तेवढं पुरे. तीन वेळा सहा-सहा, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. दहा व्हायला लागले की एक उशी काढायची. पाचव्या आठवड्यात पहिली उशी गेली, नवव्या आठवड्यात दुसरी. मग छातीशी तांदळाची २ किलोची पिशवी धरून. त्याला इंग्रजी पुस्तकांत मोठं नाव आहे पण गोष्ट एवढीच आहे की जमायला लागलं की थोडं अवघड करायचं, आणि अवघड केल्याशिवाय पुढे काही होत नाही.

ढकलण्यासाठी आधी भिंतीला हात टेकवून जोर, मग ओट्याला टेकवून, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. जितकं खाली जाल तितकं जड. ओढण्यासाठी एका हाताने टेबल धरून वाका आणि दुसऱ्या हाताने कापडी पिशवीत ५ किलोची कणकेची बॅग घालून कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढा, कोपर अंगाजवळ. वाकून उचलण्यासाठी पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे न्यायचं, गुडघे थोडे सैल, मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला की परत वर, हे आधी रिकाम्या हाताने आरशासमोर शिका आणि मगच वजन घ्या कारण इथे चुकलं की कंबर धरते. आणि दोन्ही हातात पाण्याच्या बादल्या घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं हा इतका साधा आणि इतका चांगला व्यायाम आहे की मला कळत नाही लोक का करत नाहीत.

किती रेप्स, म्हणजे न थांबता एका दमात किती वेळा? (एका दमात जेवढे होतात तो एक सेट.) इथे लोक फार भांडतात. सहा रेप्समध्ये दमवणारं वजन असो किंवा पंचवीस-तीस रेप्समध्ये दमवणारं, स्नायू दोन्हीने वाढतात, अट एकच की सेट संपताना तुमच्यात फार तर दोन-तीन रेप्स शिल्लक असावेत. ते ओळखायचं कसं तर शेवटचे रेप्स आपोआप हळू होतात, तुम्ही जोर तेवढाच लावताय पण वजन हळू सरकतंय. असं झालंच नाही, गप्पा मारत बारा रेप्स झाले आणि वजन खाली ठेवलं, तर तो सेट जवळपास धरूच नका. जिममध्ये वर्षानुवर्षं तेच पाच किलोचे डंबेल उचलणाऱ्या माणसाचे हात बदलत नाहीत ते यामुळे. पाचशे बैठका मारल्या तर दम वाढतो, मांड्या वाढवायच्या असतील तर पाचशेची सहाशे करण्यापेक्षा हातात वजन घ्या आणि पंधरा करा.

नवीन असाल तर प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी आठवड्याला चार ते सहा सेट पुरेत, पुढे वाढवत दहाच्या आसपास न्या, आणि ते एकाच दिवशी कोंबू नका, दोन दिवसांत वाटा. म्हणजे मंगळवार-शुक्रवार असं, पाऊण तास. एक वही ठेवा, तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. वही नसेल तर तुम्हाला वाटत राहील आपण पुढे जातोय आणि तीन महिन्यांनी कळेल की तिथेच आहोत.

अंग दुखणं हे मोजमाप नाही, हे पण सांगते. सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, मांड्या दगड होतात, चढताना धाप लागली होती पण दुखतं ते उतरल्यामुळे, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. न झालेल्या सवयीचं ते दुखणं आहे. पुढच्या आठवड्यात परत गेलात तर कमी दुखेल, आणि म्हणून काही पायांना कमी फायदा झाला असं नाही. सांध्यात टोचल्यासारखं, एका जागी, व्यायाम करतानाच दुखत असेल तर मात्र थांबा आणि दाखवा.

बायकांसाठी एक. वजन उचलून अंग पुरुषी होत नाही, तेवढं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नसतंच. मासिक पाळी थांबल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही भराभर कमी होतात, त्यामुळे आपल्याला याची गरज जास्त आहे. मी ४५ व्या वर्षी पहिल्यांदा बारबेल हातात घेतला, नुसता रॉड, २० किलोचा, आणि आता त्यावर ३० किलो लावून जमिनीवरून उचलते. जिना चढताना सामानाच्या पिशव्या जाणवत नाहीत.

जेवण: आपल्या ताटात प्रोटीन आहे कुठे

मी बाबांचा एक आख्खा दिवस किचनच्या काट्यावर मोजला. सकाळी चहा-खारी, नऊला पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री मुगाची खिचडी आणि ताक. कोणीही म्हणेल चांगलं सात्त्विक जेवण. सगळं मिळून प्रोटीन भरलं ४५ ग्रॅमच्या आसपास. आमच्या पातळ वरणात एका माणसाच्या वाट्याला कच्ची डाळ किती आली तर १८ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन जेमतेम ४ ग्रॅम, आणि आई म्हणत होती "अगं रोज वरण असतंच की". असतं, पण बोटभर.

किती हवं? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, ते कमतरता होऊ नये यासाठीचं माप आहे. साठीच्या पुढच्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आजारातून उठलेल्यांना त्याहून थोडं जास्त. आणि जे वजनाचा व्यायाम करतायत त्यांना किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढत जातो, त्यापुढे सरासरी माणसाला फारसा नाही. बाबा ६२ किलोचे, त्यांचं ध्येय ७५ ग्रॅम ठेवलं. मी ६४ किलोची, माझं १०० च्या आसपास. किडनीचा आजार असेल, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्त तपासणी) वाढलेलं असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, आधी डॉक्टरांशी बोला. किडनी चांगली असेल तर एवढ्या प्रोटीनने ती खराब होत नाही.

आता आपल्याच स्वयंपाकघरातनं हे कसं भरायचं. एक अंडं ६ ग्रॅम. पाव लिटर दूध ८ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीर १८. सोया चंक्स कोरडे ५० ग्रॅम घेतले तर २६, स्वस्तात यापुढे काहीच नाही, फक्त गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा म्हणजे तो वास जातो आणि मग खिम्यासारखं बारीक करून कांदा-टोमॅटोवर परता. फुटाणे ५० ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम. कच्ची मटकी ५० ग्रॅम भिजवून मोड आणले की ११-१२. चिकन कच्चं १५० ग्रॅम घेतलं तर ३३ च्या वर. शेंगदाण्यात प्रोटीन आहे पण तेल जास्त आहे, मूठभर दाण्यांत ७-८ ग्रॅम प्रोटीन आणि १७० कॅलरी, त्यामुळे दाण्यांवरच अवलंबून राहू नका.

आणि पिठलं-भाकरी! लोक याला गरिबाचं जेवण म्हणतात. एका माणसाला ५० ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं, ११ ग्रॅम. एक जाडसर ज्वारीची भाकरी, ६ ग्रॅम. वर मोठी वाटी दही, ७ ग्रॅम. झाले २४, आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं, धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, दोघं एकमेकांना भरून काढतात. फक्त पिठलं पळीवाढं नको, घट्ट. मिसळीचं पण तेच, घरी करताना प्रमाण उलटं करा, वाटीभर दाट उसळ आणि फरसाण चिमूटभर, पाव एक.

आपला खरा घोटाळा सकाळचा आहे. पोहे, उपमा, साबुदाणा, इडली, यातलं काहीही घ्या, ५ ते ८ ग्रॅमच्या पुढे जात नाही आणि मग दुपारपर्यंत काही नाही. स्नायूंचं लिंपण जोरात सुरू व्हायला एका वेळच्या जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रोटीन लागतं, वय वाढलं की ३० कडे झुकायचं कारण म्हाताऱ्या स्नायूला थोडक्यात कळत नाही. म्हणून दिवसाचा आकडा तीन-चार जेवणांत वाटा. बाबांचे पोहे मी बंद केले नाहीत, पोहे बंद केले असते तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं. पोहे निम्मे केले, बरोबर दोन उकडलेली अंडी आणि एक कप दूध. अंडं न खाणाऱ्यांनी मुगाचं घट्ट धिरडं आत पनीर किसून, किंवा रात्रभर फडक्यात टांगलेलं दही, चक्का म्हणा हवं तर पण साखर न घालता, मीठ-जिरेपूड-कोथिंबीर घालून. पाणी निघून गेल्यामुळे त्याच वाटीत जवळपास दुप्पट प्रोटीन बसतं.

व्यायामानंतर अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया असं जिममध्ये सांगतात, तसं काही नाही. दिवसभराचा आकडा महत्त्वाचा, व्यायामाच्या आधी-नंतर दोन-तीन तासांत एखादं नीट जेवण असलं म्हणजे झालं.

उपास. आषाढी, संकष्टी, श्रावणी सोमवार, आणि काही घरांत तर आठवड्यातून दोन दिवस. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, ती नुसती स्टार्चची गोळी. श्रद्धा तुमची, त्यात मी बोलणार नाही, पण उपासाला दूध, दही, ताक, पनीर, दाण्याची आमटी, राजगिरा हे चालतंच ना, मग ताटात ते पुढे आणि खिचडी मागे असं करा. आई आता उपासाला राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी करते, वर मोठा पेला दूध.

पोट कमी करायचंय आणि स्नायू पण हवेत

हे एकत्र होतं, विशेषतः नवीन असाल तर. रोजच्या गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी, प्रोटीन पूर्ण, आणि वजनाचा व्यायाम चालू. घाई केली, पंधरा दिवस नुसत्या सुपावर राहिलात, तर काटा भराभर उतरतो आणि त्यात स्नायू पण उतरतात, मग पुढे वजन परत येतं ते चरबीच्या रूपात. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, एवढंच. भात सोडायची गरज नाही, व्यायामाला ताकद त्यातूनच येते आणि पिष्टमय पदार्थ पुरेसे नसतील तर शरीर प्रोटीनही जाळायला घेतं. जे मुळात हडकुळे आहेत त्यांनी उलट करा, २००-३०० कॅलरी जास्त, म्हणजे एक पेला दूध, एक केळं, एक जास्तीची पोळी तूप लावून. नुसतं प्रोटीन वाढवून आणि पोट अर्धं ठेवून कोणाचेच दंड भरले नाहीत.

झोप. डाएट करणाऱ्या दहा जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात ठेवून बघितलं, जेवण तेवढंच, वजनही दोन्ही वेळा साधारण तेवढंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी कमी गेली आणि चरबीशिवायचा भाग दीडपटीहून जास्त गेला. हिंजवडीची पहाटेची बस पकडणाऱ्यांना मी काय सांगणार, पण रात्री अकरानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पावडरी

व्हे म्हणजे काय तर पनीर करताना खाली जे पिवळसर पाणी उरतं ना, तसंच चीज करताना उरलेलं पाणी, त्यातलं प्रोटीन वेगळं काढून वाळवलेलं. त्यात भीती वाटण्यासारखं काही नाही आणि जादू पण नाही. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. जेवणातून आकडा भरत असेल तर लागत नाही, भरत नसेल तर सोय म्हणून घ्या, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर बघून, सील बघून, ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन. बाबांना आम्ही पहिले तीन महिने दुधात अर्धा स्कूप देत होतो कारण भूकच नव्हती.

क्रिएटिन मोनोहायड्रेट, ही ताकदीसाठी घेतात ती पावडर, रोज ३ ते ५ ग्रॅम, याच्यामागे पुरावा चांगला आहे, आणि शाकाहारी लोकांच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. फक्त रक्त तपासणीत क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. बाकी फॅट बर्नर, बीसीएए नावाच्या अमिनो ॲसिडच्या पावडरी, यावर पैसे घालवू नका. आणि जिममध्ये कोणी "एक कोर्स मार, तीन महिन्यांत दिसेल" म्हणून इंजेक्शन देऊ लागला तर ती जिम सोडा. ते स्टेरॉईड शरीराचं स्वतःचं हार्मोन बनवणं बंद पाडतं, मूल होण्यात अडचण येते, हृदयावर येतं. वीस-बावीसची पोरं हे करतात आणि घरी कोणाला माहीत नसतं.

शाकाहारी असाल तर बी१२ आणि डी ही जीवनसत्त्वं एकदा तपासाच. बाबांचं बी१२ इतकं खाली होतं की पायांना मुंग्या येत होत्या आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो.

टिकवणं हे कमवण्यापेक्षा खूप सोपं आहे

ही सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. एकदा कमवलेले स्नायू टिकवायला कमवताना लागलेल्या कामाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी काम पुरतं, तरुणांमध्ये तर नववा हिस्सा पुरल्याचं दिसलंय, वयस्कर लोकांना थोडं जास्त लागतं. अट अशी की वजन तेवढंच ठेवायचं, सेट कमी करायचे. लोक उलट करतात, गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत वेळ नाही म्हणून हलकं वजन घेऊन थोडंसं करतात. दहा दिवस गणपतीत पळापळ आहे ना, मग एकच दिवस वीस मिनिटं काढा, पण नेहमीच्याच वजनाने, एकेक सेट. आणि पूर्ण सुटलंच तर घाबरू नका, परत सुरू केल्यावर पहिल्यापेक्षा लवकर येतं.

घरात कोणी ॲडमिट झालं तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की यांना खुर्चीत कधी बसवायचं, उभं कधी करायचं, आणि जेवणात प्रोटीन किती. आम्ही विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. पलंगावर पडल्या पडल्या पंजे वर-खाली करणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गादीत दाबणं, परवानगी असेल तर दर दोन तासांनी पलंगाच्या कडेला बसून चार वेळा उभं राहणं, एवढ्याने खूप वाचलं असतं.

बाबा दसऱ्यापासून परत पर्वतीला जातात. पण मंगळवार-शुक्रवारी आधी घरी खुर्ची आणि मग पायऱ्या, हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. पोटरी परवा मोजली, ३३ भरली, ३४ ला अजून एक बाकी आहे. वहीत कालची ओळ त्यांच्या तिरक्या अक्षरात आहे: खुर्ची, ४ किलो, १०-१०-८, अजून दोन झाले असते.